शिल्लक रजा आणि निळे पाणी

मे महिन्याचा तिसरा आठवडा उजाडला की मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी न चुकता येते : ‘मोसमी वारे अंदमानात दाखल’. उन्हाने होरपळलेला वाचक ती वाचतो, मनाशी दिवस मोजतो आणि पान उलटतो. केरळात पाऊस १ जूनच्या सुमारास आणि आपल्याकडे त्यानंतर आठवडाभराने; अंदमान हे त्या प्रवासातील केवळ पहिले स्थानक. साताऱ्याच्या आमच्या घरात मात्र ही बातमी थोडी अधिक रेंगाळत असे. आकाशवाणीवर ती लागली की आई हातातले काम थांबवून म्हणायची, “आपल्या आधी ज्यांच्या दारात पाऊस येतो, तो मुलूख एकदा बघायला पाहिजे.” वडील, म्हणजे आमचे अण्णा, वर्तमानपत्रातून डोके न काढता उत्तर देत, “जाऊ की. रजा साठू दे.”

अण्णा जिल्हा परिषदेत वरिष्ठ लिपिक होते. रजा साठली. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या खाती अर्जित रजेचे पूर्ण तीनशे दिवस शिल्लक होते आणि या गोष्टीचा त्यांना पदकासारखा अभिमान होता. त्या रजेच्या रोखीकरणातून माझ्या बहिणीचे लग्न झाले. अंदमान मात्र राहून गेले. तीन वर्षांपूर्वी आई गेली, आणि मे महिन्यातील ती बातमी घरात कोणी मोठ्याने वाचेनासे झाले.

गतवर्षी बँकेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत माझा रक्तदाब वाढलेला आढळला. वय वर्षे छत्तीस. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि विचारले, “शेवटची सलग आठवडाभराची रजा केव्हा घेतली होती?” मला वर्ष आठवेना. घरी हे सांगितले तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, “अण्णांचा मुलगा शोभता खरे.” हे कौतुक नव्हते, हे मला कळले.

आम्ही त्याच आठवड्यात ठरवले. माझ्या सध्याच्या नेमणुकीचे गाव हैदराबाद. मी, पत्नी आणि आठ वर्षांची कन्या यांचा प्रवास एल.एफ.सी.मध्ये बसत होता. अण्णा निवृत्तिवेतनधारक असल्यामुळे त्यांचे तिकीट त्यात बसत नव्हते. ते आणि इतर खर्च यांसाठी बारा महिन्यांची आवर्ती ठेव काढली. ग्राहकांना आपण जी गोष्ट रोज सांगतो, ती स्वतः करून पाहण्याचा योग असा आला. अण्णांनी साताऱ्याहून कळवले, “माझे तिकीट मी काढीन.” बरीच ओढाताण झाल्यावर एका बाजूचे तिकीट त्यांचे आणि परतीचे आमचे, असा तोडगा निघाला.

आपल्या आधी उजाडणारा मुलूख

जानेवारीत आम्ही चेन्नईमार्गे निघालो. चेन्नईहून सव्वादोन तासांत विमान श्रीविजयपुरमला उतरते. हेच पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये या शहराचे नामांतर झाले. विमानतळ स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाचा असून त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झाले. उतरण्यापूर्वी खिडकीतून दिसते ते दृश्य नकाशाने कल्पनेत येत नाही : गर्द हिरव्या रानाने झाकलेली बेटे, त्यांच्याभोवती पांढऱ्या वाळूची कड, तिच्या बाहेर पोपटी पाणी आणि पलीकडे एकदम खोल निळा समुद्र. अंदमान-निकोबार समूहात पाचशेहून अधिक लहानमोठी बेटे आहेत आणि मनुष्यवस्ती जेमतेम चाळीसेक बेटांवर. बाकीच्यांवर रान, पक्षी आणि लाटा यांचेच राज्य.

पहिले नवल वाटते ते घड्याळाचे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. अंदमान ९२ ते ९३ अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे या शाळेतील हिशेबाने येथील सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे चालतो, आणि साताऱ्याच्या तर सव्वा तास. परिणामी जानेवारीत पहाटे सहाच्या आधीच उजाडते आणि संध्याकाळी सव्वापाचला सूर्य बुडतो. “आपल्याकडे या वेळी कार्यालयातले दुसरे सत्र चालू असते,” अण्णा म्हणाले. माझ्या शाखेत त्या वेळी दिवसअखेरीचा ताळमेळ चालू असेल, हे माझ्याही मनात आलेच.

मराठी माणसाचे या शहरातील पहिले पाऊल कोठे पडते, हे सांगायला नको. १८९६ साली बांधावयास घेतलेले आणि १९०६ साली पूर्ण झालेले सेल्युलर कारागृह मध्यवर्ती मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात शाखांचे होते. आज तीन उभ्या आहेत. प्रत्येक शाखेचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे, त्यामुळे एका कोठडीतील बंदीला दुसऱ्याचे तोंड दिसू नये, अशी ती रचना. बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सावरकर बंधू वर्षानुवर्षे या एकाच कारागृहात होते. १९२१ साली त्यांना मुख्य भूमीवर नेण्यात आले. ‘माझी जन्मठेप’ आमच्या घरी आईची होती, तिच्या शाळेतील बक्षिसाची. तिसऱ्या मजल्यावरील त्या शेवटच्या कोठडीत अण्णा बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “यांना येथून समुद्र दिसत असेल का रे?” वरच्या सज्जातून समुद्र दिसतो. फार जवळ आणि फार सुंदर दिसतो. ज्याला ‘काळे पाणी’ म्हटले गेले, ते पाणी खरोखर काळे नव्हते. काळा होता तो तेथून न परतण्याचा हुकूम. सुट्टीच्या आरंभी हे स्थळ पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगेन. पुढचे निवांत दिवस किती मोलाचे आहेत, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

राधानगरची एक संध्याकाळ, जी मी पाहिली नाही

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जलद नौकेने आम्ही स्वराज द्वीपाकडे निघालो. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. दीड तास लागतो, सरकारी बोटीला त्याहून थोडा अधिक. हेच पूर्वीचे हॅवलॉक बेट. १८५७ च्या उठावातील इंग्रज सेनानी हॅवलॉक आणि नील यांची नावे या दोन शेजारी बेटांना होती. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला, त्याला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले.

बेटावरील गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९५० च्या दशकात येथे जमिनी देऊन वसवण्यात आले. रान तोडून त्यांनी भातखाचरे, सुपारी आणि नारळ उभे केले. आमच्या निवासासमोरच्या टपरीचे वयस्कर मालक शहाळे सोलता सोलता हिंदीत सांगत होते की त्यांचे वडील कलकत्त्याहून बोटीने आले, तेव्हा बेटावर अंधार आणि डास यांखेरीज काही नव्हते. आज त्याच बेटावर देशोदेशीचे लोक विश्रांतीसाठी येतात. एका पिढीचे कष्ट दुसऱ्या पिढीची उपजीविका आणि तिसऱ्याच कोणाची विश्रांती होतात, हे त्यांच्याकडे पाहून जाणवले.

राधानगरचा किनारा बेटाच्या पश्चिमेला, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. २००४ साली ‘टाइम’ नियतकालिकाने त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले आणि २०२० साली त्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्याचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. या गौरवाहून मला मोलाची वाटली ती त्याची शांतता. पाठीशी उंच वृक्षांचे रान, समोर सुमारे दोन किलोमीटर लांब, पिठासारख्या मऊ वाळूची कमान, आणि तिच्यावर संथपणे येणारे पाणी. किनाऱ्यावर ना हॉटेलांची रांग, ना कर्णे. कन्या आणि पत्नी पाण्यात उतरल्या. अण्णा विजारीचे पाय दुमडून ओलसर वाळूवर बसले.

पाऊणेपाच वाजले असतील. माझा भ्रमणध्वनी वाजला. एका ग्राहकाच्या कर्जप्रकरणातील कागद सापडत नसल्याचा शाखेतील सहकाऱ्याचा निरोप. आवाज तुटत होता म्हणून मी रानाच्या कडेला गेलो, तेथून वाहनतळाकडे, तेथून आणखी वर. कपाट, कप्पा, धारिकेचा क्रमांक असे सारे सांगून परतलो तेव्हा किनाऱ्यावर निळसर काळोख उतरला होता. सूर्य बुडून गेला होता. सुरक्षारक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत होते. कन्येने विचारले, “बाबा, तुम्ही पाहिलात ना? अगदी शेवटी तो लाल लाल झाला!” मी काही बोललो नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि तेही काही बोलले नाहीत.

रात्री सहकाऱ्याचा संदेश आला : कागद तुमचा फोन ठेवल्यावर दोनच मिनिटांत मिळाला, त्याच्याच टेबलावर होता. माझ्यावाचून शाखा अडत नाही, या साध्या सत्याने मला आधी थोडे वाईट वाटले आणि मग फार हलके वाटले.

तीनशे दिवसांचा हिशेब

दुसऱ्या दिवशी भ्रमणध्वनी निवासातच कुलपात ठेवला. सकाळी होडीने एलिफंट बीचला गेलो. २००४ च्या त्सुनामीने कोसळलेल्या प्रचंड वृक्षांचे पांढरे पडलेले बुंधे तेथे अजून किनाऱ्यावर आडवे आहेत. पाण्यात तोंड बुडवून, नळीने श्वास घेत पोहण्याचा, म्हणजे स्नॉर्कलिंगचा अनुभव मी आणि कन्येने घेतला. प्रशिक्षक कडेला धरून नेत असल्यामुळे पोहणे न येणाऱ्यालाही तो घेता येतो. पहिली दोन मिनिटे जीव घाबरा होतो; मग आपलाच श्वास सावकाश ऐकू येऊ लागतो. खाली प्रवाळांच्या फांद्यांतून पट्ट्यापट्ट्यांचे निळेपिवळे मासे फिरत असतात. काही प्रवाळ मात्र पांढरेफटक दिसले. समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळांच्या देहात राहणारी, त्यांना अन्न आणि रंग देणारी सूक्ष्म शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. अंदमानात २०१० साली ही आपत्ती फार मोठ्या प्रमाणावर घडली होती. पाणी थंडावले तर प्रवाळ सावरतात. फार काळ तापत राहिले तर मरतात. प्रशिक्षक हे हातवारे करून सांगत होता आणि मला, का कोण जाणे, डॉक्टरांचा प्रश्न आठवला.

संध्याकाळी पुन्हा राधानगर. त्या दिवशी मी अण्णांशेजारी बसलो. तासभर आम्ही काही बोललो नाही. आमच्यात असे बसणे फारसे झालेले नाही; आमचे बोलणे नेहमी कामाचे. सूर्य पाण्याला टेकता टेकता अण्णा म्हणाले, “तीनशे दिवस शिल्लक ठेवले होते मी.”

“हो. ताईचे लग्न त्यात झाले, अण्णा.”

“झाले. त्याचे वाईट वाटत नाही. पण दोनशे नव्वद असते, तरी लग्न झालेच असते.” थोडे थांबून ते म्हणाले, “त्यातले दहा दिवस तुझ्या आईचे होते. ते मी माझ्या खाती जमा धरले.”

आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाने एवढ्या वर्षांनी काढलेली ती चूक होती आणि ती दुरुस्त करण्याची नोंद आता कोणत्याच पुस्तकात करता येणार नव्हती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सव्वापाचला सूर्य बुडाला. पुढे अर्धा तास आकाशाचे रंग पालटत राहिले आणि आम्ही ते शेवटपर्यंत पाहिले.

भरती, ओहोटी आणि एक शंख

तेथून शहीद द्वीप तासाभराच्या अंतरावर आहे. बेट लहान आणि सपाट असून भाजीपाल्याच्या शेतीसाठी ओळखले जाते. किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. जणू रामायणच समुद्रावर येऊन वसले आहे. येथे एकच नियम पाळावा लागतो आणि तो समुद्राचा असतो. नैसर्गिक खडकाची कमान पाहावयाची तर ओहोटीलाच जावे लागते. त्या वेळी खडकाळ तळ उघडा पडतो आणि डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, इवले मासे यांचे एक जग दिसते. घाई करून उपयोग नसतो. पाणी आपल्या वेळेनेच उतरते. वेळापत्रकावर जगणाऱ्या माणसाला ही शिकवण फार गुणकारी आहे.

तेथे कन्येला एक सुरेख शंख आणि प्रवाळाचा तुकडा सापडला. तिने तो खिशात घालताच अण्णांनी अडवले, “बाळ, हे सरकारी आहे. ठेव जागेवर.” आम्ही हसलो, पण त्यांचे म्हणणे खरे होते. प्रवाळांना आणि शंखांच्या अनेक जातींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे; किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही नेता येत नाही आणि विमानतळावरील तपासणीत तो काढून घेतला जातो. शिवाय रिकाम्या शंखात उद्या एखादा साधू खेकडा बिऱ्हाड करतो, हे आजोबांनी नातीला समजावून सांगितले. शंख जागेवर गेला. थोड्या वेळाने तिनेच हाक मारली. शेजारचा एक शंख आपल्या पायांनी चालू लागला होता.

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी

नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ या बेटांसाठी उत्तम. मे महिन्यात पाऊस सुरू होतो आणि समुद्र खवळतो. एरवीही वादळी हवामानात बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदला दिवस श्रीविजयपुरममध्येच काढावा. तेथून बोटीने काही मिनिटांवर असलेले पूर्वीचे रॉस बेट, इंग्रजांच्या राजधानीचे मुळांनी वेढलेले अवशेष आणि हरणे, याच दिवशी पाहता येते.

भारतीय नागरिकांना या तीन ठिकाणांसाठी वेगळा परवाना लागत नाही, छायाचित्र असलेले ओळखपत्र मात्र सर्वत्र लागते. चेन्नईहून समुद्रतळातून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये कार्यान्वित झाल्यापासून संपर्कव्यवस्था सुधारली आहे; तरीही लहान बेटांवर थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी, हे मी बँक अधिकारी या नात्याने आवर्जून सांगतो. काही किनाऱ्यांवर व खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असतो. इशाऱ्याचे फलक आणि रक्षकांची शिट्टी कधीही दुर्लक्षू नये. रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी स्कूबा डायव्हिंगपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि ते केल्यावर निदान चोवीस तास विमानप्रवास टाळावा. आदिवासींच्या राखीव क्षेत्राकडे कुतूहलाची वस्तू म्हणून पाहू नये. त्यांना पाहावयास जाण्याच्या सहली आम्ही टाळल्या.

आणि खर्च? बारा महिन्यांची एक लहानशी आवर्ती ठेव पुष्कळ भार उचलते. रजेची शिल्लक मात्र कोणतीही बँक व्याजाने वाढवून देत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

परतल्यावर महिन्याभराने डॉक्टरांनी रक्तदाब तपासला. आकडा उतरला होता. गोळी चालूच आहे, केवळ एका सहलीने ती सुटत नाही. पण दर वर्षी सलग सात दिवसांच्या रजेचा अर्ज एप्रिलमध्येच द्यायचा, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

मे महिन्यात एका सकाळी साताऱ्याहून फोन आला. इतकी वर्षे अण्णांचा फोन कामाशिवाय येत नसे. त्यांनी वर्तमानपत्रातील बातमी मला वाचून दाखवली, “मोसमी वारे अंदमानात दाखल.” मग थोडे थांबून म्हणाले, “आता राधानगरला पाऊस पडत असेल, नाही?”

“हो, अण्णा. पडत असेल.”

पुढच्या वर्षीची आवर्ती ठेव आम्ही सुरू केली आहे. या वेळी पासबुकावर पहिले नाव अण्णांचे आहे.